दंतकथेतील पवनराजा आणि ताम्रपटांतील प्रवरसेन : वाकाटक इतिहासलेखनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर धाम नदीच्या काठी वसलेल्या पवनार या गावाला दोन राजे लाभले आहेत. एक लोकांच्या स्मरणातला, दुसरा विद्वानांच्या ग्रंथांतला. लोकांचा राजा पवन या नावाचा असून त्याच्यापाशी परीस होता. विद्वानांचा राजा वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन असून त्याने नंदिवर्धन सोडून वसविलेली प्रवरपुर ही राजधानी म्हणजेच आजचे पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. हे दोन्ही राजे एकमेकांना ओळखत नाहीत. लोककथेत प्रवरसेनाचा उल्लेख नाही आणि ताम्रपटांत पवनराजाचा मागमूस नाही. तरीही वर्धा जिल्ह्याविषयीच्या स्मरणिका, पर्यटन-पुस्तिका आणि पुष्कळदा महाविद्यालयीन टिपणेही या दोहोंना एकाच परिच्छेदात बसवितात आणि ‘पवनार म्हणजेच प्राचीन प्रवरपुर’ हे विधान सिद्ध गोष्ट म्हणून नोंदवून पुढे जातात. मिराशींनी मोठ्या परिश्रमाने रचलेल्या अनुमानाचे अशा रीतीने सिद्धांतात झालेले रूपांतर, आणि त्यात दंतकथेने बजावलेला वाटा, यांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पवनराजाची कथा

इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरकारांनी पवनराजाची कथा थोडक्यात नोंदविली आहे. राजाजवळ परीस असल्यामुळे त्याला धनाची वाण नव्हती. म्हणून तो प्रजेकडून सारा रोकड रकमेत न घेता नांगराच्या लोखंडी फाळांच्या रूपाने घेई व परिसाच्या स्पर्शाने त्या फाळांचे सोने करी. पुढे एका मुसलमान फकिराशी त्याचा सामना झाला, फकिराच्या सिद्धीपुढे राजाचे काही चालले नाही, आणि राणीने पतीसह धाम नदीच्या पात्रात प्रवेश केला, असा कथेचा शेवट आहे. पवनारपासून फार दूर नसलेल्या केळझरला पांडवांची एकचक्रानगरी आणि बकासुराचे स्थान मानतात. त्या परिसरात ही कथा स्वाभाविकपणेच रुजलेली आहे.

या कथेकडे पाहण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत व दोन्ही अपुऱ्या आहेत. पहिली पद्धत तिला भाकडकथा म्हणून बाजूला सारते. दुसरी तिच्यातून इतिहास पिळून काढू पाहते. फकिराचा विजय म्हणजे मुसलमानी सत्तेचा या प्रदेशातील प्रवेश, हा अर्थ गॅझेटिअरांच्या काळापासून लावला गेला आहे आणि तो असंभाव्य नाही. परंतु त्यापुढे जाऊन ‘पवन’ हा ‘प्रवर’ या शब्दाचाच अपभ्रंश आणि म्हणून पवनराजा हाच प्रवरसेन, असे जे सुचविले जाते त्याला आधार कोणता? ग्रामनामावरून राजाचे नाव निर्माण होणे ही दंतकथांची सर्वात सामान्य रीत आहे. पवनार हे नाव आधीपासून होते म्हणून त्याचा धनी पवनराजा झाला, एवढेच यातून निघते. लोखंडी फाळांच्या साऱ्याचा संबंध विदर्भातील प्राचीन लोहसंस्कृतीशी जोडण्याचा मोहही असाच आवरावा लागतो. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणकालीन लोखंड गाळण्याची भट्टी सापडली हे खरे, पण तिची स्मृती दोन-अडीच हजार वर्षे एका कथेत टिकून राहिली असे मानण्यास कोणताही मधला दुवा उपलब्ध नाही.

मग कथेत काय आहे? त्यात राजाचे नाव, वंश किंवा काळ नाही. पण राज्यसंस्थेविषयीची एक धारणा निश्चित आहे. शेतकऱ्याने राजाला जे द्यायचे ते त्याच्या नांगराचा फाळ, म्हणजे त्याच्या उत्पादनाचे साधनच. आणि त्याच्या लोखंडाचे सोने होते ते राजवाड्यात गेल्यावर. ही कथा उदार राजाच्या स्तुतीची म्हणून सांगितली जाते. ती तशी ऐकू येत नाही.

हिम्यर राजांचे उदाहरण

विस्मृत राजवंशांभोवती दंतकथा कशा वाढतात याचे शिक्षण देणारे एक उदाहरण अरबस्तानाच्या दक्षिणेस, यमनच्या डोंगराळ प्रदेशात आहे. तेथील हिम्यर राजे हे वाकाटकांचे जवळजवळ समकालीन होत. जफार ही त्यांची राजधानी. इस्लामोत्तर अरबी परंपरेने त्यांना ‘तुब्बा’ या बिरुदाने ओळखले आणि त्यांच्या नावावर चीन, समरकंद व मगरिब येथपर्यंतच्या दिग्विजयांच्या कथा रचल्या. इ. स. च्या १२ व्या शतकात नश्वान इब्न सईद या हिम्यरी पंडिताने या राजांवर एक दीर्घ कसीदा लिहिला. गेलेल्या वैभवाची उजळणी करीत राजेलोकांच्या नश्वरतेचे भान देणारे हे काव्य पुढे युरोपीय विद्वानांनी संपादून प्रसिद्ध केले.

या परंपरेत शम्मर नावाचा राजा समरकंद जिंकतो आणि त्या शहराला त्याचेच नाव मिळते असे सांगितले जाते. नावावरून राजा आणि राजावरून नाव असा हा पवनारसारखाच फेरा आहे. मात्र येथे एक निराळी गोष्ट घडली. १९ व्या शतकात दक्षिण अरबी शिलालेख वाचले जाऊ लागले तेव्हा शम्मर युहरिश नावाचा राजा खरोखरच होऊन गेल्याचे आढळले. इ. स. ३०० च्या सुमारास त्याने हद्रमौतचा प्रदेश आपल्या सत्तेखाली आणला. म्हणजे नाव खरे, राज्यविस्ताराचा गाभाही खरा, समरकंद मात्र खोटे. तुब्बांच्या दूरदूरच्या मोहिमांवर अविश्वास दाखविण्यासाठी शिलालेखांची वाट पाहावी लागली नव्हती, हेही येथे नोंदविले पाहिजे. इब्न खल्दून याने १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’च्या आरंभीच, एवढे मोठे सैन्य मधल्या राज्यांतून वाट काढीत कसे जाईल आणि वाटेत त्याची दाणावैरण कोण पुरवील, असा व्यवहारी प्रश्न विचारून त्या कथा निकालात काढल्या होत्या.

हिम्यरांच्या बाबतीत दंतकथेने राजांची नावे तरी जपली. वाकाटकांच्या बाबतीत तेही घडले नाही. विदर्भाच्या लोककथेत विंध्यशक्ती, रुद्रसेन किंवा प्रभावतीगुप्ता यांपैकी कोणीही नाही. रामटेकजवळच्या मनसर येथील ज्या टेकडीखाली वाकाटकांचे भव्य मंदिर गाडले गेले होते तिला लोक हिडिंबेची टेकडी म्हणत आले. वाकाटकांची जागा महाभारतातील राक्षसीने घेतली. त्यामुळे विदर्भातील दंतकथेतून वाकाटक राजा शोधणे हे हिम्यरांच्या कथेतून शम्मर शोधण्याइतकेही सोपे नाही, कारण शोधावयाचे ते नावच तेथे नाही.

विस्मरणातून इतिहासाकडे

वाकाटकांचा पुनःशोध हा सर्वस्वी ताम्रपट व शिलालेख यांचा पराक्रम होय, आणि त्याचा प्रवास चुकांनी भरलेला आहे. १८३६ साली सिवनी येथील ताम्रपट प्रसिद्ध झाला. १८६० च्या दशकात डॉ. भाऊ दाजी यांनी अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील लेख वाचला. पुराणांत विंध्यशक्तीचा उल्लेख किलकिला यवनांच्या संदर्भात येत असल्याने त्यांनी वाकाटकांना यवन म्हणजे ग्रीक ठरविले. वैदिक यज्ञ करणारा आणि स्वतःला ब्राह्मण म्हणविणारा हा वंश काही काळ ग्रीक समजला गेला, तो पुराणातील एका शब्दावर ठेवलेल्या विश्वासामुळे. पुढे फ्लीट यांनी प्रभावतीगुप्तेचा पिता देवगुप्त याची ओळख उत्तरकालीन गुप्तांपैकी एका राजाशी पटवून वाकाटकांना ८ व्या शतकात ढकलले.

हा घोळ १९१२ साली का. बा. पाठक यांनी पुढे आणलेल्या पुणे ताम्रपटाने मिटला. पुण्यातील एका तांबट कुटुंबात वंशपरंपरेने जपलेल्या या पटात प्रभावतीगुप्तेने आपण महाराजाधिराज दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या असल्याचे स्वच्छ सांगितले आहे. त्यात दान दिलेले दंगुण हे गाव मिराशींच्या मते आजचे हिंगणघाट होय. म्हणजे वाकाटकांना त्यांच्या योग्य शतकात परत आणणारा दस्तऐवज वर्धा जिल्ह्यातील जमिनीविषयीचा आहे. हिंगणघाट तालुक्यातील जांब येथे मिळालेला प्रवरसेनाच्या २ ऱ्या राज्यवर्षाचा ताम्रपट आणि आष्टीजवळच्या बेलोरा येथील ११ व्या राज्यवर्षाचे पट हेही याच जिल्ह्याचे धन. दोन्ही नंदिवर्धनाहून दिलेले आहेत. चम्मक येथील १८ व्या वर्षाचा पट मात्र प्रवरपुराहून दिलेला आहे. या दरम्यान केव्हातरी राजधानी हलली, असे मिराशींनी अनुमान केले ते याच पटांच्या आधारे.

येथे ताम्रपटांविषयीही एक सावधगिरी आवश्यक ठरते. दंतकथेच्या तुलनेत ताम्रपट विश्वसनीय असतो, पण तो निष्पाप नसतो. पुणे ताम्रपटात युवराज दिवाकरसेनाच्या नावे प्रभावतीगुप्ता राज्यकारभार पाहताना दिसते. रिद्धपूरच्या पटात ती दामोदरसेन व प्रवरसेन यांची माता म्हणून येते. परंतु प्रवरसेनाच्या स्वतःच्या पटांतील वंशावळीत दिवाकरसेनही नाही आणि दामोदरसेनही नाही. पिता दुसरा रुद्रसेन याच्यानंतर थेट प्रवरसेन. दामोदरसेन हे प्रवरसेनाचेच पूर्वीचे नाव असावे असे काही अभ्यासक मानतात, पण दिवाकरसेनाबाबत तोही मार्ग नाही. किमान तेरा वर्षे सत्तेचा वारस असलेला राजपुत्र राजवंशाच्या अधिकृत कथनातून वगळला गेला. दुसरीकडे, प्रभावतीगुप्ता आपल्या पटांचा प्रारंभ सासरच्या नव्हे तर माहेरच्या गुप्तवंशावळीने करते. तांब्यावर कोरलेला मजकूरही कोणीतरी कोणासाठी तरी सांगितलेली कथा असतो. फरक इतकाच की तिच्या शेवटी एक खरे गाव आणि त्याच्या खऱ्या चतुःसीमा असतात.

त्याच पटांतील सवलतींची यादी पवनराजाच्या कथेशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. दान दिलेल्या गावात राजाच्या शिपायांनी शिरू नये. गायी-बैल, फुले, दूध, गवत, कातडी, कोळसा यांवर हक्क सांगू नये. मीठ खणू नये. वेठ घेऊ नये. दानाच्या गावाला ज्यांतून मुक्ती मिळते ते सर्व इतर गावांना द्यावे लागत होते, हे उघड आहे. नांगराच्या फाळाची कथा आणि ही यादी यांत वंशपरंपरेचा कोणताही धागा दाखविता येत नाही, दाखवूही नये. तथापि राजा नावाच्या गोष्टीचा खेड्याला येणारा अनुभव दोन्हींकडे एकच आहे, आणि राजाचे नाव ठरविण्यात गुंतलेल्या अभ्यासाने त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

पवनार की मनसर?

मिराशींच्या ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ (१९५७) या ग्रंथाने मराठी वाचकाला एक संपूर्ण राजवंश मिळवून दिला. १९६३ साली वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला व तो आजही आधारभूत आहे. पवनार हेच प्रवरपुर, या त्यांच्या मताला दोन प्रमुख टेकू होते : नामसादृश्य आणि पवनार येथे मिळालेली शिल्पे.

नामसादृश्याचा टेकू दिसतो तितका भक्कम नाही. ‘प्रवर’चे ‘पवर’ होणे प्राकृत नियमांना धरून आहे. परंतु पवनारमधील ‘न’ कोठून आला हा प्रश्न शिल्लक राहतो. जुन्नर, सिन्नर या नावांप्रमाणे येथेही अंत्यपद ‘नगर’ असावे असे म्हटले तर ‘न’ची सोय लागते, पण मग ‘पुर’ जाते. ताम्रपटांत मात्र ते सर्वत्र ‘प्रवरपुर’ असेच आहे.

शिल्पांचा पुरावा अधिक वजनदार आहे. विनोबा भावे १९३८ साली पवनारला आले. आश्रमाच्या भूमीत खणताना मिळालेल्या शिल्पपटांपैकी एकात भरत-रामभेटीचा प्रसंग ओळखला गेला. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात दिलेल्या गीता-प्रवचनांत भरत आणि लक्ष्मण यांच्या भक्तीची तुलना केली होती. त्यामुळे या मूर्तीच्या प्राप्तीला आश्रमाच्या जीवनात केवळ पुरातत्त्वीय अर्थ उरला नाही, हे समजण्यासारखे आहे. मिराशींनी या शिल्पपटांत रामकथेचे प्रसंग पाहिले आणि प्रभावतीगुप्तेच्या रामभक्तीशी जोडून येथे तिच्या प्रेरणेने उभारलेले राममंदिर असावे असा तर्क केला. हे अर्थनिर्णय पुढील सर्व कलेतिहासकारांनी मान्य केलेले नाहीत. शिल्पे वाकाटककालीन आहेत याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो त्यांतील कथेविषयी. उपासकाने मूर्तीत भरत पाहणे आणि अभ्यासकाने त्याच मूर्तीवरून राजधानीचे स्थान निश्चित करणे, यांसाठी लागणारा पुरावा एकाच प्रतीचा नसतो. पवनारविषयीच्या लेखनात या दोन प्रती वारंवार मिसळल्या आहेत.

१९६७ साली शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे पवनार येथे उत्खनन केले. त्यातून येथील वस्तीची प्राचीनता सिद्ध झाली. राजधानी सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. त्यानंतर १९९८ पासून जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांनी मनसर येथे केलेल्या उत्खननात विस्तीर्ण वास्तुसंकुल, उत्कृष्ट शिल्पे आणि ‘प्रवरेश्वर’ हे नाव असलेली मृण्मुद्रा मिळाली. प्रवरसेनाच्या काळातील लेखांत प्रवरेश्वराच्या देवस्थानाचा उल्लेख येतो. हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या आधारे प्रवरपुर मनसरलाच होते असे मत मांडले. २०१५ ते २०१८ या काळात नगरधन येथे झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मृण्मुद्रा मिळाल्याने नंदिवर्धनाची ओळखही अधिक दृढ झाली.

मनसरचा पक्ष आज अधिक बळकट आहे, हे वर्ध्यातील अभ्यासकांनी मान्य करण्यात संकोच बाळगू नये. अर्थात तोही निर्विवाद नाही. प्रवरेश्वराचे मंदिर जेथे होते तेथेच राजधानीही होती असे आपोआप ठरत नाही. शिवाय नगरधनहून अवघ्या काही किलोमीटरांवर असलेल्या मनसरला जाण्यासाठी राजधानीचे नाव का बदलावे, ही शंकाही रास्त आहे. परंतु मृण्मुद्रा बोलते ती नावानिशी. पवनारच्या शिल्पांना नाव नाही.

कवी, राजा आणि कादंबरी

पुराव्याचा हाच प्रश्न वाकाटकांच्या वाङ्मयीन कीर्तीबाबत अधिक तीव्र होतो. ‘सेतुबंध’ हे प्राकृत महाकाव्य प्रवरसेनाच्या नावावर आहे आणि बाणाने ‘हर्षचरिता’त त्याची प्रशंसा केली आहे. ते कालिदासाने विक्रमादित्याच्या आज्ञेने प्रवरसेनासाठी रचले, ही आख्यायिका टीकाकार रामदास याने दिली आहे. हा टीकाकार अकबराच्या काळातला, म्हणजे प्रवरसेनानंतर अकराशेहून अधिक वर्षांनी झालेला. ‘राजतरंगिणी’त काश्मीरचाही एक प्रवरसेन आहे, त्यानेही प्रवरपुर वसविले आणि वितस्तेवर नावांचा सेतू बांधला. त्यामुळे काव्याचे कर्तृत्व त्याच्याकडे देणारेही होते. एकाच नावाचे दोन राजे, एकाच नावाची दोन नगरे आणि दोन सेतू, इतका योगायोग दंतकथेला पुरेसा असतो. वाकाटक प्रवरसेन परममाहेश्वर असताना त्याने रामकथा का निवडली, याचे मातेचा प्रभाव हे उत्तर पटण्यासारखे आहे, पण ते उत्तर आहे, पुरावा नव्हे. पट्टण येथील २७ व्या राज्यवर्षाच्या ताम्रपटाचा लेखक कालिदास नावाचा आहे म्हणून महाकवीला दानपत्रे लिहावयास बसविणे तर हास्यास्पदच होईल.

दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुतचरिताचे प्रकरण याहून गंभीर आहे. विदर्भाचा गुणी राजा पुण्यवर्मा, त्याचा दंडनीतीकडे दुर्लक्ष करणारा पुत्र अनंतवर्मा, अश्मकाधिपतीचे कपट, मांडलिकांची फितुरी आणि राज्याचा नाश, ही कथा मिराशींनी वत्सगुल्म शाखेच्या हरिषेणानंतरच्या घडामोडींचे प्रतिबिंब म्हणून वाचली. कल्पना चातुर्याची आहे आणि कथेतील राजकीय भूगोल विचार करण्याजोगा आहे. पण वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या लेण्यांचा वर्षावर्षाचा कालक्रम मांडताना याच कथेचा आधार घेतला आणि हरिषेणाचा मृत्यू इ. स. ४७७ मध्ये ठेवला. हरिषेणाच्या मृत्यूचे वर्ष सांगणारा कोणताही लेख नाही. त्याचा पिता देवसेन याच्या काळातील हिस्से-बोराळा लेखावर शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८, ही तारीख आहे आणि या शाखेच्या कालगणनेतला तोच एक पक्का खुंटा होय. त्या खुंट्यापासून पुढचा दोर जेव्हा दोन शतकांनंतरच्या एका गद्यकथेच्या हाती दिला जातो, तेव्हा इब्न खल्दूनसारखा प्रश्न विचारणे भाग असते : दंडीला हे कोणी सांगितले, आणि सांगितले असेल तर त्याने एकही नाव खरे का ठेवले नाही?

मिराशींच्या लेखनात अशा ठिकाणी ‘संभवते’, ‘असावे’ ही क्रियापदे बहुधा असतात. त्यांच्या ग्रंथांवरून टिपणे करणाऱ्यांनी ती गाळली. विदर्भाच्या इतिहासलेखनातील पुष्कळशी निश्चिती या गाळलेल्या क्रियापदांतून आली आहे.

पवनारविषयीचा निर्णय शेवटी जमिनीतून निघणाऱ्या पुराव्यावरच अवलंबून राहील. त्याआधी वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या आवाक्यातले एक काम शिल्लक आहे. पुणे ताम्रपटात दंगुणच्या चार दिशांच्या गावांची नावे दिलेली आहेत आणि मिराशींनी हिंगणघाटच्या आसपासच्या गावनावांशी त्यांचा मेळ घालून पाहिला आहे. जांबच्या पटातील कोथुरक गावाचेही तसेच. हिंगणघाट तालुक्यातील शिवारांची, पांढरीच्या जागांची व रिठी गावांची नोंद महसुली नकाशांवरून व प्रत्यक्ष पाहणीतून झाल्यास ही स्थाननिश्चिती कितपत टिकते हे कळू शकेल.